घरटी एक लाकूड

आंबरूस गावच्या मुंबई मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात भरते. बाकं तिसरी-चौथीच्या पोरांची. त्या बाकांत साठीचे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि पाचशे किलोमीटरवरच्या गावाचा कारभार करतात. धाकू गावकर चाळीस वर्षं पुढच्या बाकावर बसत आला होता. गिरणी होती तेव्हाही, आणि गिरणी जाऊन तो वॉचमन झाला तेव्हाही. त्या रविवारी तो नेहमीसारखा पुढे जाऊन बसला, तशी शेजारचे दोघे उठले आणि मागच्या बाकावर गेले.

"बसा की रे," धाकू म्हणाला. कोणी बसलं नाही.

मंडळाचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश. एरवी हा गृहस्थ माइक नसतानाही माइकसमोर उभा असल्यासारखा बोलतो. आज त्याने मोबाइल नाकापाशी धरला आणि गावाहून आलेला मेसेज एका दमात वाचून टाकला. मानकरी भाऊराव गावकर यांची मुलगी प्रियंका दहा दिवसांपूर्वी घर सोडून गेली आहे. तिचं लग्न ठरलेलं आहे. धाकू गावकरांच्या नातीने तिला कॉम्प्युटरवरून फूस लावली, असं गावाचं म्हणणं आहे. मुलीचा पत्ता मिळेपर्यंत धाकू गावकरांच्या घराशी गावाचा संबंध बंद. त्यांच्या खळ्यात, अंगणात कोणी पाय ठेवणार नाही. बऱ्याला नाही आणि वाइटालाही नाही.

शेवटचं वाक्य ऐकलं आणि धाकूला घर आठवलं. घरी त्याची बायको शेवंती अंथरुणाला खिळली होती. आठवड्यापूर्वीच डॉक्टरने फाइल मिटून 'आता औषधात काही राहिलं नाही' म्हणून सांगितलं होतं. शेवंती रडली नाही की काही नाही. तिने एवढंच मागितलं, "माका गावाक न्हेवा. थंयच काय ता होऊंदे." आणि धाकूने तिचा हात धरून होय म्हटलं होतं.

आता आंबरूसची रीत सांगायला हवी. गावात कोणी गेलं, की बोलवायला जावं लागत नाही. घरटी एक माणूस येतो आणि घरटी एक लाकूड येतं. आंब्याचं असेल, किंजळाचं असेल, ज्याच्या पडवीत जे असेल ते. त्या लाकडांवर माणूस जातं. धाकूच्या आईला त्रेसष्ट लाकडं आली होती, तो आकडा धाकू अजून सांगतो. गावाने तोडलेला एक माणूस मागे कधीतरी टेम्पोतून विकत आणलेल्या लाकडांवर गेला होता. त्याची नातवंडं आता कामाला लागली, तरी गावात त्यांना 'टेम्पोवाल्याची' म्हणूनच ओळखतात.

"कॉम्प्युटर घरात घेतलास तेव्हाच मी बोललो होतो," मागून कोणीतरी म्हणालं. हे सपशेल खोटं. घेतला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

खरं तर दोन वर्षांपूर्वी याच वर्गात धाकूच्या नातीसाठी टाळ्या वाजल्या होत्या. श्रुतिका अकरावी सायन्सला गेली आणि तिकडे गावात प्रियंकाही सायन्सलाच गेली. दोघी बरोबरीच्या. पण तिकडच्या कॉलेजात फिजिक्सला शिक्षकच नव्हता. मग श्रुतिकाने डोकं चालवलं. इथे क्लासमध्ये जे शिकवलं ते संध्याकाळी ती लॅपटॉपवरून प्रियंकाला आणि आणखी तीन पोरींना शिकवायची. गावात रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळमाळावर, पाण्याच्या टाकीपाशी. चौघी दिवेलागणीच्या आधी सडा चढायच्या आणि एका फोनभोवती डोकी जोडून बसायच्या. 'धाकूची नात मुंबयसून शाळा घेता,' असं लोक म्हणायचे, आणि धाकूची छाती फुगायची.

मग हळूहळू बोलणं फिरलं. गुरं घेऊन येणाऱ्या कोणीतरी पाहिलं, की पोरी कानात बोंडं घालून आपल्याआपणच हसतात. कोणी म्हणालं, फिजिक्सात हसण्यासारखं काय असतं? चौघींतली एक तापाने पडली, तर टाकीजवळच्या जागेवर कोंबडा दिला गेला. पुढे स्थळं येऊ लागली तेव्हा मुलाकडचे पहिलाच प्रश्न विचारायचे, मुलगी सड्यावर जाते का? एकेक करून तिघींचं जाणं बंद झालं. प्रियंका मात्र जात राहिली. बापाच्या शिव्या खाऊन जात राहिली, आणि बारावीला त्र्याऐंशी टक्के काढले.

भाऊरावने तिचं लग्न मार्गशीर्षात ठरवलं. मुलगा एकतीसचा, आंब्याचा व्यापार, स्वतःच्या दोन गाड्या. मुलीला अठरा माघात पूर्ण होणार, पण दोन महिन्यांनी काय फरक पडतो, असं भाऊरावचं म्हणणं. आणि दिवाळीनंतरच्या गुरुवारी पहाटेच्या एसटीने प्रियंका गेली. गावाने चार दिवस तिचा मुलगा शोधला. कोण मुलगा, कुठचा, याचा कोणाला पत्ता नव्हता. पण कॉम्प्युटर म्हणजे मुलगा असणारच, यावर गावाचं एकमत होतं.

धाकू बैठकीतून उठला तो तडक टेकडीवरच्या आपल्या चाळीत आला. घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. मुलगा सुशांत बोटीवर, सहा सहा महिने नसतो. सून सुलक्षणा एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या काउंटरवर. श्रुतिका पोटमाळ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"प्रियंका कुठाय?" धाकूने खालूनच विचारलं.

श्रुतिकाने झाकण मिटलं. खोटं बोलायचं तिला जमत नव्हतं, ही त्या घराची जुनी अडचण. "मला माहितीये," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही."

"मुलगा कोण?"

"मुलगा नाहीये, आजोबा. यार, कोणीच मुलगा नाहीये. तिला शिकायचंय, बस."

"मग तिच्या बापाला सांगायला काय होतं?"

"बापाला सांगितलंच होतं ना तिने. तीन वेळा. त्याने तिची पुस्तकं बंबात घातली."

हे धाकूला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक झालं म्हणून त्याचा राग कमी झाला, असंही नाही. त्याने मंडळातला मेसेज सांगितला. शेवंतीला ऐकू जाऊ नये म्हणून शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून, अगदी हळू. श्रुतिकाचा चेहरा उतरला.

"हा गुन्हा आहे," ती म्हणाली. "असं कुणाला वाळीत टाकता येत नाही. कायदा आहे. आपण पोलिसात जाऊ."

"आणि पोलीस काय लाकूड घेऊन येणार आहेत?"

मग शिडीवरच्या म्हाताऱ्याच्या हातावर तिने हात ठेवला. "आजीला आपण इथेच ठेवू ना. मी आहे, आई आहे. सगळं नीट करू."

धाकूने हात काढून घेतला. नीट करू म्हणे. पंचेचाळीस वर्षं शेवंतीने या खोलीत काढली ती शेवटी तिकडे जायचं म्हणून. दर वर्षी ती नळावरच्या बायकांना सांगायची, औंदा कायमचं जातंय. आता ती खरोखरच निघाली होती आणि तिच्यासाठी गावातून एक काटकी येणार नव्हती. धाकूला स्वतःच्या मरणाचं काही वाटत नव्हतं. बायकोला दिलेला शब्द मोडणार, या विचाराने मात्र त्याला रडू फुटायची पाळी आली.

बुधवारी दुपारी भाऊरावचा फोन आला. भाऊराव म्हणजे धाकूच्या चुलतभावाचा मुलगा, धाकूच्याच खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. आवाज घोगरा झाला होता.

"काका, काकी कशी आसा?"

"आसा. दिवस मोजता."

"काका, मी रवळनाथाच्या देवळात उभो आसंय. नारळ ठेवलंय. तुम्ही आयका."

मग घंटा वाजली आणि भाऊरावने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, माझी पोर खंय आसा ती घराक येऊंदे. तिका कोण मारूचो नाय, कोण वायट बोलूचो नाय. तिका शिकाचा आसात तर शिकांदे. ज्यान कोणी तिचो पत्तो दिल्यान तेच्या घराक गाव सांभाळून घेऊंदे. आणि प्रत्येक वाक्यामागे देवळातले दहा-बारा आवाज, "होय म्हाराजा."

धाकूच्याही तोंडून तेच निघालं. इकडे घाटकोपरला, हातात फोन धरून, तो होय म्हाराजा म्हणाला. सत्तर वर्षांत त्या नारळापुढे खोटं बोललेला माणूस त्याने पाहिला नव्हता. जमिनीचे तंटे त्यावर मिटले, चोऱ्या कबूल झाल्या, भाऊ-भाऊ पुन्हा बोलू लागले. शिकू देतो, असं मानकऱ्याने देवळात उभं राहून म्हटलं, म्हणजे झालं. पोरीचंही भलं होतंय आणि शेवंतीचंही. मग अडलंय कुठे? एका हट्टी नातीपाशी. धाकूला एकाएकी फार हलकं वाटलं.

सुलक्षणा ड्युटीवर होती, श्रुतिका कॉलेजात. शेवंतीला गुंगी होती. धाकू शिडी चढला.

कॉम्प्युटर त्याला उघडता येत होता. श्रुतिकानेच शिकवलं होतं, त्याला गावची दशावतारी नाटकं बघायला मिळावीत म्हणून. पासवर्डही त्याच्यासाठी सोपा ठेवला होता, शेवंतीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. नाटकांच्या शेजारीच एक पिवळी फाइल होती, प्रियंका लिहिलेली. लपवून ठेवायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

आत मार्कलिस्ट होती. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म होता. मुलुंडमधल्या मुलींच्या वसतिगृहाचं मराठीतलं पत्र होतं, वर प्रियंकाचा फोटो, दोन वेण्या, फोटो काढणाऱ्याने हसू नको म्हटल्यासारखा चेहरा. मुलगा कुठेच नव्हता. धाकूने सावकाश, बोट ठेवून, सगळं वाचलं. आणि शेवटच्या पानावर 'पालकाची सही' या ओळीपुढे त्याला सुनेचं नाव दिसलं. सुलक्षणा सुशांत गावकर.

म्हणजे घरातल्या दोघींनी मिळून हे केलं होतं. त्याच्या घरात, त्याच्या नाकासमोर, त्याला न विचारता. म्हातारा आपला नाटकं बघतोय, बघू दे. धाकूचे कान तापले. त्याला असंही वाटून गेलं, की आपल्याला सांगितलं असतं तर आपणच सही केली असती. हे खरं होतं की नाही, देव जाणे. त्याने औषधाच्या चिठ्ठीमागे पत्ता उतरवून घेतला आणि खाली येऊन भाऊरावला वाचून दाखवला, पिनकोडसकट.

शुक्रवारी भाऊराव आणि गावचे चौघे गाडी घेऊन मुलुंडला गेले. वसतिगृहाच्या मधुवंतीबाईंनी दार अडवून धरलं होतं म्हणे, दोन तास. पण मुलगी सतराची आणि समोर आधार कार्ड घेऊन उभा असलेला तिचा बाप. सहीवाली सुलक्षणा तिची कोणीच नव्हती. प्रियंका स्वतःहून बाहेर आली. बाईंनी श्रुतिकाला फोन केला तो ती गाडीत बसून गेल्यावर.

धाकू शेवंतीला चमच्याने पाणी पाजत होता. श्रुतिका फोनवर नुसती हं हं करत होती. मग तिने फोन ठेवला आणि आजोबांकडे बघत राहिली. त्याला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, नारळाचं, देवळातल्या शब्दाचं.

"पासवर्ड तुम्हाला मीच दिला होता," ती म्हणाली, आणि वर जाऊन बसली.

सुलक्षणा रात्री आली, तिने सगळं ऐकलं आणि निमूट भात लावला. सासऱ्याला वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. "मामंजी, तुम्हाला का नाही सांगितलं, ते कळलं ना आता?" एवढंच तिने विचारलं.

मंडळाच्या ग्रुपवर त्याच रात्री चंद्रप्रकाशने टाकलं, धाकूकाकांनी गावाची अब्रू राखली. खाली अठ्ठेचाळीस जणांनी हात जोडले. रविवारी ॲम्ब्युलन्सने धाकू शेवंतीला घेऊन गावाला निघाला. सुलक्षणा बरोबर आली. श्रुतिका परीक्षा आहे म्हणून राहिली. तिने आजीच्या कपाळावर कपाळ टेकलं, बराच वेळ तशीच राहिली, आणि आजोबांच्या पाया न पडता बाजूला झाली.

गाव सांभाळून घेणार म्हणालं होतं आणि गावाने घेतलं. खळं सारवून ठेवलेलं. कोणी दूध आणलं, कोणी शहाळी. शेवंती पडवीत खाटेवर झोपून माडांकडे बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारायची. "पोर दिसाक नाय ती? भाऊरावाची?" तिने एकदा विचारलं. येईल, धाकू म्हणाला.

प्रियंकाचं लग्न आठव्या दिवशी लागलं, रवळनाथाच्याच मंडपात. मार्गशीर्षाचीही वाट पाहिली नाही. धाकूला पहिल्या रांगेत बसवलं, नारळ आणि टोपी दिली. त्याने भाऊरावला बाजूला घेतलं.

"तू देवासमोर बोललंस. शिकांदे म्हणान."

"मगे? मी खंय नाय म्हणतंय?" भाऊराव शांतपणे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत कसलीही चलबिचल नव्हती आणि तेच धाकूला सगळ्यात भयंकर वाटलं. "न्हवऱ्यान शिकवल्यान तर शिकात. मारूक नाय, वायट बोलूक नाय. काका, तुम्ही मुंबयत रवलात. हयसर लोक काय म्हणतत ता आमका आयकाचा लागता. कॉम्प्युटरापायी बाकीच्या तिघींची स्थळां मोडली आसती."

धाकू पुन्हा जागेवर येऊन बसला. अक्षता टाकायच्या होत्या, त्या त्याने टाकल्या.

शेवंती त्यानंतर नऊ दिवस होती. गेली ती सकाळी, पेजेचा घोट घेऊन, सुलक्षणाच्या हातावर मान टाकून. सांगायला कोणाला पाठवावं लागलं नाही. तासाभरात पाणंदीतून माणसं येऊ लागली, प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड. आंबा, किंजळ, ऐन. सगळ्यात मोठा ओंडका भाऊरावने आणला, दोघांना धरावा लागला. सुलक्षणा दारात उभी राहून बघत होती. सत्याहत्तर झाली. त्याच्या आईपेक्षाही जास्त. धाकूने बायकोला अग्नी दिला आणि ती लाकडं कशी चांगली, सुकी, एका काडीत पेटली ते पाहिलं.

सुतकात घरची चूल बंद. भावकीलाही सुतक, त्यामुळे भाऊरावच्या घरचं काही चालणार नव्हतं. पण लग्न होऊन गेलेली मुलगी दुसऱ्या घराण्याची होते, तिच्या हातचं चालतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्या वाडीतून प्रियंका आली. डोक्यावर पेजेचं भांडं, हातात हिरवा चुडा, पदर कानामागे खोवलेला. मागे दहा पावलांवर तिचा दीर, तो खळ्यातच थांबला.

ती पडवीत आली, भांडं उतरवलं, केळीचं पान पुसलं आणि त्यावर भोपळ्याची भाजी वाढली. धाकू भिंतीला टेकून बसला होता. मरणाच्या घरातही त्याला बायको आठवेना. समोरच्या पोरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तुला शिकू देतील असं मला वाटलं होतं गो, हे वाक्य त्याने तीन दिवस घोळवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

"आजोबा, श्रुतिका इली नाय?"

"नाय."

"तिका सांगा, माझो फॉर्म रद्द कर म्हणान." पेज वाढताना तिचा हात अजिबात हलला नाही. "तारीख उलटात तेच्या आधी. फी भरूक नाय तर जागा तशीच अडान ऱ्हवता. वेटिंगात एक पोर आसा, वाडा तालुक्यातली. तिका तरी मिळांदे. माझ्याकडे फोन नाय आता."

"सांगतंय," धाकू म्हणाला.

"ती तुमच्याशी बोलता मां?"

धाकूने पान थोडं जवळ ओढलं. तिने वाटी त्याच्या पुढे सरकवली. "जेवा. उपाशी ऱ्हवान काय होता?"

शोकाच्या घरी आणलेलं अन्न परत पाठवायचं नसतं. ते निमित्त झालं. खरं म्हणजे त्याला तीन दिवसांची भूक लागली होती. त्याने वाटी रिकामी केली, आणि तिने विचारल्यावर आणखी एकदा घेतली.